स्वयंचलित रेखाटन : पहिल्यांदाच करून पाहणाऱ्यांसाठी

अतिवास्तववाद (सररिअॅलिझम) म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे साल्वादोर दालीची वितळून लोंबणारी घड्याळं येतात. ते चित्र १९३१ चं. चळवळ त्याआधी सात वर्षं पॅरिसमध्ये सुरू झाली होती, आणि सुरुवातीला तिचा सगळा जोर होता तो हातावरचा बुद्धीचा पहारा उठवण्यावर. ऑक्टोबर १९२४ मध्ये फ्रेंच कवी आंद्रे ब्रेताँने काढलेल्या जाहीरनाम्यात अतिवास्तववादाची व्याख्याच ‘शुद्ध मानसिक स्वयंचलन’ अशी केलेली आहे. बुद्धीने लगाम धरायचा नाही, सुंदर-कुरूप, नैतिक-अनैतिक असले हिशेब करायचे नाहीत. विचार आत जसा चालतो तसा बोलून, लिहून किंवा आणखी कुठल्याही वाटेने बाहेर येऊ द्यायचा.

गंमत म्हणजे हा जाहीरनामा जवळजवळ सगळा लेखनाबद्दल आहे. चित्रकारांची नावं येतात ती एका तळटीपेत, आणि त्या यादीत शेवटचं नाव आहे आंद्रे मासाँचं. या लेखापुरता आपला गुरू तोच. पहिल्या महायुद्धात १९१७ साली छातीवर गंभीर जखम झालेला हा माणूस १९२० च्या दशकात पॅरिसच्या ब्लोमे रस्त्यावर ४५ क्रमांकाच्या पडक्याशा आवारात काम करत होता. शेजारच्या स्टुडिओत चित्रकार जोआन मिरो. तिथे १९२३-२४ च्या सुमारास मासाँने टाक आणि शाई घेऊन, मनात कुठलाही विषय न धरता रेषा सोडायला सुरुवात केली. हेच स्वयंचलित रेखाटन. डिसेंबर १९२४ मध्ये अतिवास्तववाद्यांच्या गटाचं नियतकालिक निघालं आणि त्यातून ही रेखाटनं लोकांसमोर आली. १९२४ चं त्याचं एक रेखाटन आज न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. वहीच्या पानाएवढाच कागद, त्यावर जाळ्यासारखी भटकणारी रेषा, आणि त्या जाळ्यात मधूनच शरीराचे अवयव वर आल्यासारखे.

डोळे मिटून गिरगटणं म्हणजे स्वयंचलित रेखाटन, असा एक समज आहे. गिरगटणं हा यातला पहिला अर्धा भाग झाला. उरलेला अर्धा म्हणजे जे उमटलं ते ओळखणं आणि वेळेवर हात थांबवणं. नवशिक्यांना तो कोणी फारसा सांगत नाही, म्हणून इथे त्यावर जरा जास्त रेंगाळणार आहे.

साहित्य : स्वस्त तेवढं बरं

महाग कागद घेऊ नका. चाळीस रुपयांच्या कागदावर हात मोकळा सुटत नाही, तो वाया जाऊ नये याची काळजीच आधी लागते. पाठकोरे कागद उत्तम. प्रिंटरचे ए-फोर चालतील, न्यूजप्रिंटचे मोठे ताव मिळाले तर आणखी छान. तीसएक कागदांचा गठ्ठा जवळ असू द्या, म्हणजे एक संपला की दुसरा ओढता येतो आणि मधे विचार करायला फट राहत नाही.

लेखणी अशी हवी की ती अडखळणार नाही आणि खोडताही येणार नाही. जेल पेन, फाउंटन पेन, ब्रश पेन, यांपैकी काहीही चालेल. टाक-दौत वापरायची हौस असेल तर जरूर वापरा, पण टाक दर थोड्या वेळाने बुडवावा लागतो आणि प्रत्येक बुडवण्यापाशी रेषा तुटते. ते तुटणंही उपयोगी पडतं, पण पुढे. पेन्सिल पहिले काही दिवस बाजूला ठेवा, आणि खोडरबर तर दुसऱ्या खोलीत. रंग अजिबात नकोत.

रंग नकोत याला एक जुनं कारण आहे. नियतकालिकाच्या त्या पहिल्याच अंकात माक्स मोरीझ नावाच्या सदस्याने शंका काढली होती. लिहिताना शब्दामागून शब्द धावत येतात, पण चित्रकाराला रंग कालवावा लागतो, ब्रश धुवावा लागतो, दोन पावलं मागे जाऊन पाहावं लागतं. तेवढ्या वेळात बुद्धी परत येऊन खुर्चीत बसते. मग चित्रात स्वयंचलन टिकणार कसं? पुढच्याच वर्षी गटातल्याच पिएर नाव्हीलने तर अतिवास्तववादी चित्रकला अशी काही चीजच नाही, असं लिहून टाकलं. वाद मोठा आहे, पण आपल्यापुरता त्याचा निकाल सोपा: पेनाच्या रेषेला थांबावं लागत नाही, म्हणून पेनानेच सुरुवात.

बसणं आणि वेळ

टेबलावर बसा, नाहीतर कागद जमिनीवर पसरून. मनगट टेकवून काढलेली रेषा लहान आणि ओळखीची येते, त्यामुळे हात कोपरापासून किंवा खांद्यापासून हलेल अशी जागा ठेवा. दहा-पंधरा मिनिटं पुरेत. फोन दूर. गाणं लावायचं की नाही हे तुमच्यावर आहे, पण शब्द असलेलं गाणं लावलंत तर चित्र बहुधा त्या गाण्याचं होतं.

ब्रेताँच्या सूचना थोडक्यात अशा होत्या: मनाला जितकं निवांत, ग्रहणशील करता येईल तितकं करा, आपली बुद्धी-प्रतिभा विसरा, दुसऱ्यांचीही विसरा, आणि आधी विषय न ठरवता भराभर लिहा. ‘लिहा’च्या जागी ‘रेषा काढा’ वाचलं की झालं.

इथे एक इशारा. झोप मोडून, उपाशी राहून किंवा काही सेवन करून ‘खोल’ जाण्याचा नाद करू नका. तो नाद त्या मंडळींनी करून पाहिला आहे. १९२२ च्या सप्टेंबरपासून ब्रेताँच्या घरी संमोहननिद्रेच्या बैठका चालत. कवी रोबेर देस्नोस त्या अवस्थेत धडाधड बोलायचा, लिहायचा, चित्रंही काढायचा. पण प्रकरण हाताबाहेर गेलं, देस्नोस चाकू घेऊन गटातल्याच पॉल एल्युआर या कवीच्या मागे लागल्यापर्यंत, आणि बैठका बंद कराव्या लागल्या. आपल्याला चहा पिऊन ताजंतवानं बसायचंय.

पहिली रेषा

पेन कागदावर कुठेही टेकवा. मध्यभागीच टेकवायचा मोह होईल, तो टाळा. आता रेषा सुरू करा आणि पेन न उचलता चालत राहा. डोळे उघडे ठेवा, पण नजर टोकावर रोखू नका. सगळा कागद अंधुक दिसत राहील एवढंच पाहा. काय काढायचं हा प्रश्न येईल. त्याचं उत्तर न देता हात चालू ठेवायचा.

वेगाशी खेळा. १९१९ साली ब्रेताँ आणि फिलिप सुपो यांनी मिळून स्वयंचलित लेखनाचं पहिलं मोठं पुस्तक लिहिलं, तेव्हा प्रकरणागणिक लिहिण्याचा वेग त्यांनी मुद्दाम बदलला होता, आणि त्याबरोबर मजकुराची जातही बदलत गेली. रेषेचंही तसंच होतं. एक कागद होईल तितका जोरात भरा. दुसरा गोगलगायीच्या चालीने. जोरातल्या रेषेत लय येते, पण ती लवकर गोल गोल फिरू लागते. सावकाश रेषेत कंप येतो, कोपरे येतात, चेहरे येतात. माझं मत विचाराल तर नवशिक्याने सावकाश चालीवर जास्त वेळ घालवावा. वेग म्हणजेच उत्स्फूर्तता, हे काही खरं नाही.

मग कधीतरी हात अडतो. आता हे बोट वाटतंय, याला नख काढू का, असा आवाज आत उठतो आणि रेषा शहाणी होते. यावर ब्रेताँने जाहीरनाम्यातच एक उपाय दिलाय. लिहिता लिहिता फारच स्पष्ट ओळ आली, ओघ तुटला, तर संशयास्पद शब्दापुढे एक अक्षर लिहायचं, नेहमी तेच, ‘ल’, आणि पुढचा शब्द त्या ‘ल’ने सुरू करायचा. मनमानी परत आणायची ही युक्ती. रेषेसाठी तुम्हीही असा एक ‘ल’ ठरवून ठेवा: छोटं वेटोळं, एखादी आडवी झटकी, काहीही. हात अडला, की तीच खूण काढायची आणि तिच्या शेपटीतून पुढे निघायचं. ऐकायला पोरखेळ वाटेल, पण निर्णय घ्यायची वेळच येऊ न देणं, हेच तर यातलं सगळं तंत्र आहे. कागदाची एक बाजू संपली की लगेच दुसरा ओढा, पहिल्याकडे न पाहता.

हाताच्या सवयी

पहिले दहा-बारा कागद भरून झाले, की सगळे जमिनीवर मांडा. बहुधा पुढच्यापैकी काही ना काही पुन्हा पुन्हा आलेलं दिसेल: डोळे, भोवरे, कोयऱ्या, पाकळ्या, वेली, स्वतःच्या सहीतला फराटा. ज्यांनी लहानपणी रांगोळ्या काढल्यात त्यांचा हात ठिपक्याठिपक्याला समान अंतर ठेवतो. ज्यांनी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा दिल्यात त्यांच्या रेषा आपोआप समतोल होतात, डावीकडे काही आलं की उजवीकडे त्याचा जोडीदार.

याला कोणी तुमचं अबोध मन म्हणालं तर विश्वास ठेवू नका. ही सवय आहे. स्नायूंनी पाठ केलेले धडे आहेत. लोक इथेच फसतात: सहज आलं म्हणजे ते खोलातून आलं, असं त्यांना वाटतं. सहज येणाऱ्या गोष्टी बहुतेकदा अगदी वरच्या थरातल्या असतात. म्हणूनच या कामाला सराव लागतो, आणि म्हणूनच मंडला किंवा झेंटँगल वगैरेंना मी यात धरणार नाही. ते करताना मन शांत होत असेल, पण तिथे नमुना आधी ठरलेला असतो.

सवय मोडायचे काही मार्ग:

डाव्या हाताने काढा (डावखुरे असाल तर उजव्या). बांबूच्या काडीला पेन बांधून, कागद जमिनीवर ठेवून, उभ्याने काढा. मनगटाला शिकवलेलं सगळं निकामी होतं.

हात स्थिर ठेवून कागदच फिरवा. ही कल्पना छापचित्रकारांकडून उचललेली आहे. स्टॅन्ले विल्यम हेटरने १९२७ साली पॅरिसमध्ये सुरू केलेल्या कार्यशाळेत, जिला पुढे ‘अतेलिए १७’ हे नाव पडलं, तांब्याच्या पत्र्यावर कोरताना पत्रा फिरवत फिरवत अशी रेषा सोडायला शिकवत. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती कार्यशाळा न्यूयॉर्कला हलली, तिथे मासाँनेही काम केलं आणि अमेरिकी चित्रकार जॅक्सन पोलॉकनेही. आपले छापचित्रकार कृष्णा रेड्डी नंतर पॅरिसमध्ये त्याच कार्यशाळेत शिकले आणि पुढे तिचे सहसंचालक झाले.

आणि खाडाखोडीतून सुरुवात करा. जुन्या वहीतलं काट मारलेलं पान घ्या, खोडलेले शब्द एकमेकांना रेषेने जोडत चला. रवींद्रनाथ ठाकूर कवितांच्या हस्तलिखितात हेच करत. खोडलेल्या ओळींतून त्यांच्याकडे विचित्र पक्षी आणि जनावरं उभी राहिली, आणि १९३० साली त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं ते पॅरिसमध्येच. ते अतिवास्तववादी नव्हते, त्या गटाशी त्यांचं देणंघेणंही नव्हतं. पण पान कोरं नसलं की हात कमी बुजतो, हे त्यांच्या हस्तलिखितांत स्पष्ट दिसतं.

ओळखणं आणि थांबणं

आता दुसरा अर्धा. मासाँने पुढे आपली रीत सांगितली, ती दोन टप्प्यांची. आधी आत पोकळी करायची. मग कागदावर जे येतं ते नुसता हातवारा, लय, गिरगोट. दुसऱ्या टप्प्यात त्या गिरगोटात लपलेली प्रतिमा आपला हक्क सांगू लागते. आणि ती दिसली की थांबायचं. कारण ती प्रतिमा हा घडून गेलेल्या गोष्टीचा मागे उरलेला अवशेष असतो. तिला सजवत बसलात तर ते नेहमीचं चित्र होतं.

प्रत्यक्षात असं करा. भरलेला कागद भिंतीला लावा आणि दूर जा. मग तो उलटा लावा, मग आडवा. चारही बाजूंनी पाहताना कुठेतरी काहीतरी खुणावेल: एक गुडघा, माशाचं तोंड, जिन्यासारखं काही. ढगांत हत्ती शोधावा तसं मुद्दाम हुडकायचं नाही. काहीच दिसलं नाही तर कागद ठेवून द्या आणि दोन दिवसांनी पाहा. दिसलं तर पेन घेऊन त्या जागी अगदी थोड्या रेषा घाला. माझ्या मते पाचसहाच्या वर नको. माशाला खवले काढायची इच्छा झाली, की समजा थांबायची वेळ आधीच येऊन गेली.

मात्र सगळे मासाँइतके कडक नव्हते. मिरोने १९२५ मध्ये ‘जगाचा जन्म’ हे अडीच मीटर उंचीचं चित्र केलं. त्यात रंग ओतलेला आहे, शिंपडलेला आहे, पुसलेला आहे, आणि त्यावर मोजकेच आकार नेमक्या जागी बसवलेत: एक काळा त्रिकोण, एक लाल गोळा. पहिला टप्पा मोकळा, दुसरा अगदी हिशेबी, हे तो स्वतःच सांगे. मग ते स्वयंचलित उरलं का, असं शुद्धतावादी विचारतील. विचारू देत. मला ते चित्र पुष्कळशा ‘शुद्ध’ गिरगोटांपेक्षा जास्त खरं वाटतं. आणि ब्रेताँनेही १९३३ मध्ये कबूल केलं की स्वयंचलित लेखनाचा इतिहास म्हणजे सततचं दुर्दैव आहे. म्हणजे त्यांनाही ते पुरतं जमलं नव्हतं. तुमच्या दहा कागदांपैकी नऊ कंटाळवाणे निघाले तर जिवाला लावून घेऊ नका.

अर्थ काढायची घाई

चित्र झालं की मित्रमंडळी विचारतात, याचा अर्थ काय? मग कोणी म्हणतं टोकदार आकार म्हणजे दबलेला राग, कोणी म्हणतं पाणी म्हणजे आई. हे कुडमुडं भविष्य आहे. कागदावरच्या एका रेघेवरून मनाचं निदान होत नाही, तुम्ही तर मुळीच करू नका. खरंच काही त्रास होत असेल तर त्यासाठी डॉक्टर आहेत.

अबोध मनाचा सिद्धांत मांडणाऱ्या ज्या फ्रॉइडच्या नावाने हे सगळं चाललं होतं, त्यालाही या मंडळींचं फारसं कौतुक नव्हतं. ब्रेताँने वैद्यकाचं शिक्षण घेतलेलं, १९१६ मध्ये सँ-दिझिएच्या लष्करी मनोरुग्ण केंद्रात काम करताना त्याची फ्रॉइडच्या विचारांशी ओळख झालेली. १९२१ मध्ये तो व्हिएन्नाला जाऊन फ्रॉइडला भेटला आणि निराश होऊन परतला. पुढे १९३८ मध्ये लंडनला दाली भेटून गेल्यावर फ्रॉइडने लेखक श्टेफान त्स्वाइगला कळवलं, की आपल्याला संरक्षक संत मानणारे हे लोक पंचाण्णव टक्के वेडे आहेत असंच मी आजवर धरून चाललो होतो. टक्केवारीचा हा हिशेब त्याने गमतीने मद्यार्काच्या चालीवर केला होता.

भुताखेतांचा अर्थही नको. प्लँचेट माहीत असलेल्या घरांत हा प्रश्न हमखास येतो, आणि तो अगदीच अस्थानी नाही. अशी रेखाटनं अतिवास्तववाद्यांच्या आधी स्वतःला आत्म्यांचं माध्यम म्हणवणाऱ्या लोकांनी केली होती. लंडनच्या जॉर्जियाना हॉटनने १८७१ मध्ये आपल्या ‘आत्मा-रेखाटनां’चं प्रदर्शन भरवलं. स्वीडनच्या हिल्मा आफ क्लिंटने १८९६ पासून चार मैत्रिणींबरोबर बैठका घेऊन पानंच्या पानं भरली. जिनिव्हाची एलेन स्मिथ तर समाधीत मंगळावरची लिपी लिहायची आणि आपण पूर्वी हिंदुस्थानातली राजकन्या होतो असं सांगायची. ब्रेताँला तिच्याबद्दल मोठं कुतूहल होतं. त्याने रीत घेतली आणि आत्मे वजा केले: हात चालवणारा बाहेरचा कोणी नाही.

अर्थाऐवजी नाव द्या. चित्र झाल्यानंतर, आधी कधीच नाही. मागे तारीख आणि कोणती बाजू वर ते लिहा, हात कुठे अडला तेही आठवत असेल तर लिहा. महिन्याभराने हे टिपण चित्राइतकंच कामाला येतं.

रेषा सुकली तर

काही दिवस काहीच होत नाही. अशा वेळी पृष्ठभागालाच बोलू द्यावं. चित्रकार माक्स अर्न्स्टने ऑगस्ट १९२५ मध्ये फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या पोर्निक गावी खोलीतल्या घासून घासून उठून आलेल्या लाकडी फळ्यांवर कागद टाकले आणि वरून शिसं घासलं. लाकडाच्या शिरांतून त्याला जंगलं, प्राणी, समुद्र दिसू लागले. या घासचित्रांना फ्रेंचमध्ये फ्रोताज म्हणतात. आता पेन्सिल बाहेर काढायला हरकत नाही. मऊ, सिक्स-बी किंवा एट-बी. पातळ कागद जुन्या दाराच्या फळीवर, पाट्यावर, वेताच्या खुर्चीवर, जाळीदार पिंपळपानावर ठेवा आणि पेन्सिल आडवी धरून हलकेच घासा. कागद अर्ध्यात सरकवा, म्हणजे वस्तू ओळखू येणार नाही. मग त्यावर पेनाने वर सांगितलेला दुसरा टप्पा.

मासाँने १९२६-२७ च्या सुमारास वाळूची वाट धरली. कॅनव्हासवर गोंद वेडावाकडा ओतायचा, वर वाळू टाकायची, कॅनव्हास तिरपा करून सुटी वाळू झटकायची. चिकटून राहिलेल्या ठिगळांत जे दिसेल त्याला थोडी रेषा, थोडा रंग थेट ट्यूबमधून. त्याचं ‘माशांची लढाई’ हे १९२६ चं चित्र असंच झालं. घरी जाड पुठ्ठा, फेव्हिकॉल आणि चाळलेली कोरडी वाळू पुरते. खाली वर्तमानपत्र पसरा आणि गच्चीत करा, नाहीतर आठवडाभर पायाखाली वाळू चरचरेल.

चौघांत

एकट्याने कंटाळा आला तर हा खेळ. १९२५ च्या सुमारास पॅरिसच्या शातो रस्त्यावरच्या ५४ क्रमांकाच्या घरात इव्ह तांगी, जाक प्रेव्हेर, ब्रेताँ वगैरे मंडळी तो खेळत. आधी शब्दांनी. प्रत्येकाने एक शब्द लिहून कागद दुमडायचा. पहिल्या खेळात जे वाक्य निघालं त्यातल्या ‘नामी प्रेत’ या शब्दांवरून खेळाचंच नाव पडलं. मग तोच चित्रांनी.

उभा लांब कागद घ्या, त्याचे चार आडवे भाग होतील अशा घड्या घाला. पहिल्याने डोकं काढायचं, दुसऱ्याने छाती-हात, तिसऱ्याने कंबर-मांड्या, चौथ्याने पाय. ‘डोकं’ म्हणजे माणसाचंच असं नाही. मिक्सरचं भांडंही चालेल. प्रत्येकाने आपला भाग झाला की कागद मागे दुमडून पुढच्याला द्यायचा. इथेही वेळ कमी ठेवा, माणशी दोन-तीन मिनिटं, म्हणजे विनोद रचायला कोणाला सवड मिळत नाही. मुद्दाम विनोदी काढलेला भाग उघडल्यावर सगळ्यांत फिका दिसतो. दुमडण्यापूर्वी आपल्या रेषांची टोकं घडीच्या पलीकडे बोटभर गेली आहेत ना, एवढं मात्र बघून घ्या. पुढच्याला तेवढंच दिसणार असतं, आणि तिथूनच त्याने रेषा उचलायची असते.